नेकारकाठी डॉक्टर शोधताना

दक्षिण जर्मनीतील ट्युबिंगन हे गाव पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहावे तर चित्रातल्यासारखे आहे. नेकार नदीच्या काठाने एकमेकांना टेकून उभी असलेली पिवळी, गुलाबी घरे, पाण्यावर बांबूसारख्या लांब काठीने ढकलत नेलेल्या अरुंद होड्या आणि चिनारसदृश वृक्षांची जुनी रांग लावलेले मधले बेट. पुलावर उभे राहून छायाचित्र काढणारे प्रवासी दिवसभर दिसतात. आम्ही मात्र गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस येथे राहावयास आलो, तेव्हा माझी नजर नदीकडे नव्हती. ती घरांच्या दारांवरील पितळी पाट्यांकडे होती. मला डॉक्टर हवा होता.

आमची हकीकत थोडक्यात सांगते. यजमानांची नोकरी उत्तर जर्मनीत ब्रेमेनला झाली आणि निवृत्तीनंतरही आम्ही तेथेच राहिलो. तीस वर्षे एकच डॉक्टर. यजमानांना मधुमेह आहे, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी आहे, आणि अलीकडे दोन वर्षांपासून विस्मरण सुरू झाले आहे. विस्मरणाची पहिली झळ भाषेला लागली. चाळीस वर्षे सफाईने बोललेली जर्मन भाषा मागे सरत गेली आणि वाईच्या आळीतली मराठी पुढे आली. सकाळी ते शेजाऱ्यांना ‘काय म्हणता?’ असे विचारू लागले, तेव्हा मुलीने आग्रह धरला की आता तिच्या जवळ यावे. ती ट्युबिंगनला असते. एकटीने हे सारे निभावणे मलाही जड जात होते. ते मी तोवर कबूल केले नव्हते, एवढेच.

घर मिळाले, सामान आले, खोकी रचली गेली. डॉक्टर मात्र मिळेना.

येथे जवळजवळ दर दहा माणसांतील नऊ जण सरकारी कायद्याने चालणाऱ्या आरोग्य विम्यात असतात. या व्यवस्थेचे मूळ १८८३ सालच्या बिस्मार्कच्या कामगार-आजारविमा कायद्यात आहे. विम्याच्या संस्था अनेक आहेत, पण नियम बहुतांशी सारखे. निवृत्तांच्या बाबतीत विम्याच्या मूळ वर्गणीचा अर्धा भाग पेन्शनमधून कापला जातो व अर्धा पेन्शन संस्था भरते. वार्धक्यातील शुश्रूषेच्या विम्याची वर्गणी वेगळी, ती सगळी आपली आपण. त्या बदल्यात हाती एक कार्ड येते. डॉक्टरच्या खोलीत शिरताना ते यंत्रात घालावयाचे, की पैशाचा विषय संपला. २००४ ते २०१२ या काळात दर तिमाहीला दहा युरो द्यावे लागत, तेही पुढे बंद झाले. औषधांच्या किमतीचा दहावा हिस्सा, पण कमीत कमी पाच व जास्तीत जास्त दहा युरो, एवढे आपण द्यावयाचे. एकाच वर्षात अशी रक्कम उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर, आणि दीर्घ आजार असणाऱ्यांच्या बाबतीत एक टक्क्यावर गेली, की उरलेल्या वर्षापुरती त्यातून सूट मागता येते. पावत्या जपून ठेवाव्या लागतात, आणि अर्ज आपणच करावयाचा असतो; कोणी घरी येऊन सांगत नाही.

तेव्हा कार्ड होते, हक्क होता. अडचण दाराशी होती.

दारावरील पाट्या वाचण्याची एक विद्या आहे. ‘आले कासेन’, म्हणजे ‘सर्व विमा संस्था’, असे लिहिलेले असेल तर ते आपले दार. ‘प्रिव्हाट’ एवढेच लिहिलेले असेल तर खासगी विमा असणाऱ्यांचे किंवा स्वतः खर्च करणाऱ्यांचे. दोन्ही शब्द असतील तर दोघांचे. पहिल्या आठवड्यात मी जुन्या गावाच्या दगडी चढणी चढून अशा सहा दारांत गेले. पहिल्या दाराशीच कागद चिकटवलेला होता: नवीन रुग्ण घेणे बंद आहे. दुसरीकडे स्वागतिकेने वर न बघता तेच सांगितले. तिसरीकडची बाई मात्र सौजन्याने म्हणाली, “पुढच्या तिमाहीत विचारून पाहा, पण आशा ठेवू नका.” चौथे दार खासगी निघाले, पाटीवर वेलीची पाने आली होती म्हणून मला दिसले नव्हते. पाचव्या व सहाव्या ठिकाणी तीच मान, त्याच बाजूला हललेली.

रागावण्यापूर्वी कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे. येथील कुटुंबडॉक्टरांना सरकारी विम्याच्या रुग्णामागे मिळणारा मोबदला बहुतांशी तिमाहीच्या ठराविक रकमांत मिळतो. म्हातारा, चार आजारांचा रुग्ण त्या रकमेत अर्धा तास मागतो. शिवाय अनेक डॉक्टर स्वतःच निवृत्तीला आलेले आहेत आणि त्यांची जागा घेणारे थोडे आहेत. हाती असलेल्या रुग्णांचेच नीट पाहता येत नाही असे झाले, तर नवीन रुग्णास नकार देण्याची मुभा डॉक्टरला आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र नाही. हे सारे समजले, तरी संध्याकाळी गुडघे दुखतातच.

आमच्या थोरल्या दिरांशी दूरध्वनीवर बोलताना हा विषय निघाला. ते सातारला असतात. सत्तरी ओलांडलेल्यांना मिळणारे आयुष्मान कार्ड त्यांनी काढले आहे. ते म्हणाले, “आमचं उलटं आहे बघ वहिनी. पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो, पण त्यासाठी दाखल व्हावं लागतं. आणि पलीकडच्या गल्लीत डॉक्टर बसलेले असतात, कधीही जा, पण तिथे कार्ड चालत नाही. रोजच्या गोळ्या खिशातूनच.” दोन देशांतल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी आपापल्या कार्डांची अशी उणीदुणी काढण्यात पाऊण तास घालवला, आणि दोघांनाही बरे वाटले.

गोळ्या संपत आल्या होत्या. त्याची सोय अनपेक्षितपणे झाली. ब्रेमेनच्या जुन्या दवाखान्यात जुलैमध्ये आमचे कार्ड यंत्रात घातले गेले होते, म्हणजे ती तिमाही अद्याप चालू होती. मी दूरध्वनी केला, आणि त्यांनी तेथे बसूनच औषधांची चिठ्ठी संगणकावर दिली. २०२४ च्या आरंभापासून येथे कागदी चिठ्ठ्यांऐवजी ही पद्धत सर्वत्र आली आहे. देशातल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात कार्ड घातले की चिठ्ठी तेथे दिसते. स्थलांतर करणाऱ्या वृद्धांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मी पुलाजवळच्या दुकानातून गोळ्या आणल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच पिशवीतून पुढचे संकट घरात आले, हे तेव्हा कळले नाही.

त्या दिवसांत दुपारी आम्ही नदीकाठी फिरावयास जात असू. काठावर एक गोल, पिवळा मनोरा आहे. कवी ह्योल्डर्लिन त्यात छत्तीस वर्षे राहिला. त्याची कथा मला पूर्वी अर्धवट माहीत होती. तेथील फलक वाचून आणि मुलीकडून ऐकून ती पुरी झाली. १८०६ साली मनाच्या आजारामुळे त्याला येथील आउटेनरीथ नावाच्या प्राध्यापक डॉक्टरांच्या रुग्णालयात आणले. काही महिन्यांनी, ‘बरा होणार नाही, फार तर तीन वर्षे जगेल’ असे सांगून त्याला सोडून दिले. त्याला घरी नेले ते एर्न्स्ट त्सिमर नावाच्या सुताराने. नात्याचा नाही, गोत्याचा नाही. त्याचे पुस्तक वाचून भारावलेला एक कारागीर. सुताराचे घर रुग्णालयाच्या उताराखालीच होते. तीन वर्षे सांगितलेला तो रुग्ण १८४३ पर्यंत जगला. सुतार १८३८ मध्ये वारला, तेव्हा त्याची मुलगी लोटे हिने पुढे पाहिले.

प्रवासी तेथे कवीची खोली पाहावयास येतात. मी मात्र त्या लोटेचा विचार करीत बसे. जन्मल्यापासून घरात एक अनोळखी आजारी माणूस. त्याचे कपडे, त्याचे जेवण, त्याच्या रात्रीच्या येरझारा. तिच्या वाट्याला कोणता डॉक्टर आला असेल?

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, श्टिफ्ट्सकिर्ख या मोठ्या चर्चच्या पायऱ्यांवर यजमान एकाएकी खाली बसले. त्या पायऱ्यांवर विद्यार्थी नेहमीच बसलेले असतात, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “अगं, जरा थांब,” एवढेच म्हणाले. आठवडाभर ते मंद झाले होते, खुर्चीतून उठताना भिंत धरीत होते. मी ते घर बदलण्याच्या दगदगीवर आणि वयावर टाकले होते. वय ही अशी खुंटी आहे, की तिला काहीही टांगता येते.

येथे दोन क्रमांक घराघरांत लिहून ठेवलेले असतात. छातीत कळ, बेशुद्धी, तोंड वाकडे होणे, श्वास कोंडणे असे काही असेल तर ११२. तेवढे गंभीर नाही, पण डॉक्टर हवा आहे, तर ११६११७. हा दिवसरात्र चालतो, आणि सरकारी विम्याच्या रुग्णांना डॉक्टरांची वेळ मिळवून देण्याचे कामही त्याच्याकडे आहे. त्या क्रमांकावर मी आधीच्या आठवड्यात दूरध्वनी केला होता, आणि एका दवाखान्याची वेळ मिळालीही होती, तीन आठवड्यांनंतरची. त्या गुरुवारी पायऱ्यांवर दहा मिनिटे बसल्यावर यजमानांना बरे वाटले, रंग परत आला, आणि ते कॉफी मागू लागले. मी घरी नेले. आज विचार करते तेव्हा वाटते, त्याच संध्याकाळी विचारावयास हवे होते.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना घेऊन औषधाच्या दुकानात गेले. तेथील औषधतज्ज्ञ बाईंनी त्यांना आत बसवून रक्तदाब मोजला. रक्तदाब कमी होता. नाडी मिनिटाला शेहेचाळीस. बाईंनी माझ्याकडे पाहिले व विचारले, “तुमचे डॉक्टर कोण?” मी म्हटले, “तोच तर प्रश्न आहे.”

त्यांनी तेथूनच एका दवाखान्यास दूरध्वनी केला. गावाबाहेर, बसने वीस मिनिटांच्या अंतरावर एक खेडे आहे. तेथील म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली वर्षभरापूर्वी एक तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाल्या होत्या. मला हे माहीत असते तर माझ्या सहा चढणी वाचल्या असत्या. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरकडे जागा असते, आणि कोण कोठे रुजू झाले याची खबर औषधाच्या दुकानाला सर्वांत आधी लागते. शहराच्या मध्यभागी शोधण्यापेक्षा बसच्या मार्गावरच्या खेड्यांत शोधावे, हेही तेव्हाच कळले. पलीकडून निरोप आला: अकरा वाजता या, आणि घरातली औषधांची सगळी खोकी पिशवीत घालून आणा. सगळी, रिकामी झालेलीसुद्धा.

मुलगी कामावर होती. आम्ही दोघेच बसने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस सफरचंदांची झाडे फळांनी वाकली होती. दूर वुर्मलिंगेनच्या टेकडीवरचे एकाकी चॅपल दिसत होते. यजमान म्हणाले, “मांढरदेवीसारखं वाटतंय.” टेकडी तेवढी उंच नाही, पण मी ‘हो’ म्हटले.

दवाखाना एका घराच्या तळमजल्यावर होता. कार्ड यंत्रात गेले, हिरवा दिवा लागला. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले, पण खुर्ची ओढून बसल्या त्या यजमानांच्या समोर, आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारला. ही गोष्ट लहान वाटेल. विस्मरण झालेल्या माणसाच्या डोक्यावरून त्याच्या बायकोशी बोलणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रश्न असा होता, की चक्कर येते म्हणजे नेमके काय होते? जर्मन भाषेत चक्कर आणि फसवणूक यांना एकच शब्द आहे, श्विंडेल. एवढ्या एका शब्दात सगळे कोंबलेले असते. मी यजमानांना मराठीत विचारले, “घर फिरल्यासारखं होतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते?” ते क्षणभर थांबले, आणि गेल्या कित्येक दिवसांत बोलले नव्हते इतके स्पष्ट बोलले, “फिरत नाही. उठलो की अंधारी येते. मग पाय हलके होतात.” मी शब्दशः सांगितले. बाईंनी ते लिहून घेतले. घर फिरते तेव्हा पुष्कळदा कारण कानात असते, आणि उठताना अंधारी येते तेव्हा रक्तदाब, नाडी, औषधे यांकडे पाहावे लागते, असे त्या म्हणाल्या. आपल्या भाषेत घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी असे वेगवेगळे शब्द आहेत. डॉक्टरसमोर गेल्यावर आपण मात्र ‘कसंतरी होतं’ म्हणून मोकळे होतो.

हृदयाचा आलेख काढला. नाडी चव्वेचाळीस. मग त्यांनी पिशवी टेबलावर रिती केली आणि एकेक खोके ओळीने मांडले. दोन खोक्यांवर त्यांचा हात थांबला. एक निळे, ब्रेमेनहून आलेले, त्यात पांढऱ्या गोल गोळ्या. दुसरे हिरवे, पुलाजवळच्या दुकानातले, त्यात पिवळसर गोळ्या. दोन कंपन्यांची दोन नावे. त्यांनी दोन्ही खोक्यांवरील बारीक अक्षरांवर बोट ठेवले. औषध एकच होते, बायसोप्रोलॉल, हृदयाची गती कमी करणारे. दोन्ही पाकिटांतील गोळ्या त्यांनी मोजल्या. यजमान बारा दिवस दोन्ही घेत होते.

झाले असे, की येथील विमा संस्था औषध कंपन्यांशी सवलतीचे करार करतात, आणि दुकानदाराला त्या करारातील कंपनीची गोळी द्यावी लागते. औषध तेच, पण खोके, रंग आणि नाव बदलते. दुकानातल्या बाईंनी मला ते सांगितलेही असेल. त्या दिवशी माझे लक्ष नव्हते. आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवण्याची कप्प्यांची डबी सामानाच्या खोक्यांत कोठेतरी अडकली होती. मी दोन्ही खोकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, आणि सकाळची गोळी स्वतः घेण्याचा यजमानांचा हट्ट मोडला नाही. त्यांच्या हाती उरलेल्या थोड्या कामांतले ते एक काम होते.

मला रडू आले. बाईंनी रडू दिले. मग शांतपणे म्हणाल्या, “हे वारंवार घडते. म्हणूनच मी पिशवी मागवते.” त्यांनी सांगितले की गोळी एकदम पूर्ण बंद करावयाची नाही, कारण त्यानेही अपाय होतो, पूर्वीच्या एकाच मात्रेवर यावयाचे, दोन दिवसांनी पुन्हा दाखवावयाचे, आणि मध्ये शुद्ध हरपली किंवा छातीत दुखले तर ११२.

मग यंत्रातून एक तक्ता छापून बाहेर आला. तीन किंवा अधिक औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या सरकारी विम्याच्या रुग्णास असा औषधतक्ता मागण्याचा हक्क येथे २०१६ पासून आहे. मला तो हक्क ठाऊक नव्हता. ब्रेमेनचे डॉक्टर सगळे आपल्या डोक्यातच ठेवीत. तक्त्याचा पहिला रकाना औषधाच्या मूळ घटकाचा, दुसरा कंपनीच्या नावाचा. पुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि शेवटी ते औषध कशासाठी आहे हे साध्या शब्दांत. मी घरी आल्यावर शेवटच्या रकान्याशेजारी मराठीत लिहिले: ‘साखर’, ‘रक्त पातळ’, ‘ठोके’. खोक्यावरील मोठ्या अक्षरांतले नाव न वाचता बारीक अक्षरांतले नाव वाचावयाचे, ही सवय मी दिरांनाही लावली आहे. सातारच्या दुकानातही एकाच औषधाची वेगवेगळी नावे असतातच. त्यांनी आपली पिशवी रिती केली तेव्हा त्यांच्याकडेही आम्लपित्ताच्या एकाच गोळीची दोन पाकिटे निघाली.

रविवारी नाडी अठ्ठावन्न होती, मुलीने घरी मोजली. सोमवारी पुन्हा बस, पुन्हा सफरचंदे. यजमानांच्या पावलांत फरक दिसत होता. कप्प्यांची डबी सापडली आहे. ती मी रविवारी रात्री भरते आणि सकाळी कप्पा ते उघडतात. असे ठरले आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नवी तिमाही लागली, म्हणून कार्ड पुन्हा यंत्रात घालावयास गेलो. निघताना दारात यजमान थांबले आणि कोटाचे खिसे चाचपू लागले. वाईला त्यांच्या लहानपणी डॉक्टरांच्या दवाखान्यात कंपाउंडर लाल औषधाची बाटली देई. बाटलीला डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी असे. आणि वडील खिशातून नाणी काढून टेबलावर ठेवीत. ते सारे त्यांना हल्ली फार आठवते.

“अगं, डॉक्टरांची फी दिलीस का?” त्यांनी विचारले.

“दिली,” मी म्हटले.

“सुटे होते ना?”

“होते.”

मग ते बाहेर पडले आणि बसथांब्याच्या दिशेने माझ्या पुढे चालू लागले.